पुस्तकातला नायगारा मोठा होता

टोरोंटोच्या विमानतळाबाहेर आले, समोरचा पांढरा रस्ता पाहिला आणि हरखून भाच्याला म्हटलं, "संकेत, बर्फ!"

"आत्या, ते बर्फावर टाकलेलं मीठ आहे," तो माझी बॅग डिकीत कोंबत म्हणाला. "बर्फ परवाच वितळलं. थांब, अजून एकदा पडेल."

नागपूरच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. दरवर्षी अभ्यासक्रमात कॅनडा यायचा. गव्हाची कोठारं, सूचिपर्णी अरण्यं, नकाशावर तपकिरी रंगातली पर्वतरांग, आणि 'हवामान थंड व विषम' हे वाक्य. मुलींना ते वाक्य घोकायला लावताना मला स्वतःला कधी हुडहुडी भरली नव्हती. आता भरली. गाडीत बसेपर्यंत नाकाचा शेंडा माझा राहिला नव्हता.

संकेत आणि त्याची बायको प्राजक्ता टोरोंटोच्या स्कारबरो भागात राहतात. विटांची बुटकी घरं, घरापुढे एकेक गाडी, आणि कोपऱ्यावर दुकानांची रांग. तिथे तमिळ पाट्यांच्या शेजारी चिनी पाट्या, आणि दोन्हींच्या मधोमध जमैकाच्या माणसाची बेकरी. ग्रोसरी करायला गेलो तेव्हा मला शेवग्याच्या शेंगा, कच्ची पपई आणि कढीपत्ता असं सगळं मिळालं. फक्त गोरा माणूस शोधावा लागला. एकच भेटला, तोही कोथिंबीर निवडत होता.

दोघंही सकाळी कामावर जात. जाताना प्राजक्ता बजावून जाई, "आत्या, हीट कमी पडली तर थर्मोस्टॅटला टच करू नका, मला टेक्स्ट करा. आणि फोडणी देताना फॅन ऑन करा, प्लीज." फोडणीचं मी लक्षात ठेवलं. ठेच्यासाठी मिरच्या भाजणं म्हणजे फोडणी नव्हे, असं मला वाटलं.

तव्यावर मिरच्या पडल्या आणि घर किंचाळायला लागलं. छतावरचं ते धुराचं यंत्र असा काही आकांत करत होतं की शेजारच्या कुत्र्यानेही सूर धरला. मी स्टुलावर चढले, हात पोचेना. इतक्यात बाजूचं दार उघडून एक उंच, सावळी, डोक्याला जांभळा रुमाल बांधलेली बाई धावत आत आली. तिने टॉवेल ओढला, यंत्राखाली गरागरा फिरवला, खिडकी उघडली. आकांत थांबला. मी माफी मागणार तोच तिने तव्याकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "हे तुम्ही खाणार आहात? थोडं मला द्याल?"

ही बिन्ता. संकेतच्या बेसमेंटमधली भाडेकरू. नायजेरियाच्या उत्तरेला कानो नावाचं मोठं शहर आहे, तिथली. दुपारनंतर एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. तिची भाषा हाउसा. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो, इथे ते सगळं मराठीत लिहिते आहे.

मी भारतातली, हे कळताच तिने छातीवर हात ठेवला आणि शुद्ध हिंदीत ओरडली, "ये शादी नहीं हो सकती!"

मी दचकले. मग तिने समजावलं. कानोत पिढ्यान्‌पिढ्या हिंदी सिनेमे चालतात. तिची आई लहान असताना बघायची, नंतर ही बघू लागली. "माँ", "डॉक्टरसाहब", "इंतकाम" आणि हे लग्नाचं वाक्य, एवढी हिंदी घरात सगळ्यांना येते. रोजच्या व्यवहारात तेवढी पुरते, असं तिचं म्हणणं.

ठेचा संपवून, डोळे पुसून ती म्हणाली, "मी लेखिका आहे." आणि फोन पुढे केला.

हाउसात प्रेमकथांचा मोठा बाजार आहे. 'सोयय्या' (प्रेम) म्हणून ही पुस्तकं ओळखली जातात. पातळ, स्वस्त, मुखपृष्ठावर नटलेली बाई. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बायका. आता बरंचसं लेखन फोनवरच चालतं. बिन्ता एकेक प्रकरण लिहून वाचकांना पाठवते आणि मग कानोतून आवाजी निरोपांचा पाऊस पडतो. नायकाने उलट उत्तर दिलं तर तिला शिव्या पडतात.

"आणि परदेश हवाच," ती म्हणाली. "आईच्या वेळी नायक लंडनला जायचा, डॉक्टर होऊन परत यायचा. मग दुबई आली, सोन्यासाठी. भारत ऑपरेशनसाठी. नायिकेच्या वडिलांचं हृदय बिघडतं, सगळे भारतात जातात आणि तिथला सर्जन नायिकेच्या प्रेमात पडतो."

"हृदयाचाच सर्जन?"

"गुडघ्याचा कसा चालेल?" तिने मला विचारलं.

तिचं पहिलं गाजलेलं पुस्तक कॅनडावरचं. ते तिने कानोत बसून लिहिलं होतं, इकडे यायच्या आधी. नायक सलीम. त्याच्या घरात काचेचा जिना, घरापुढे कापसासारखं बर्फ, ते झाडायला नोकर. सलीम नायगाऱ्याच्या कठड्यापाशी नायिकेला मागणी घालतो तेव्हा धबधबा काही क्षण आवाज बंद करतो. वाचकांना हे इतकं आवडलं की सलीमचे पुढचे भाग लिहावे लागले.

"तेव्हा मला कॅनडा संपूर्ण माहीत होता," बिन्ता म्हणाली. "इथे आल्यापासून कळेनासा झालाय."

मला हसू आलं. आमच्या तरुणपणी दिवाळी अंकातल्या नायकालाही 'फॉरेन रिटर्न' असल्याशिवाय शोभा नसे. तो परदेशात काय करत होता हे कोणी विचारलं नाही. भांडी घासत असेल, असं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. मी भूगोलाची बाई, तरी त्या कथा वाचताना नकाशा काढून बसले नव्हते.

त्यानंतर आमची रोजची बैठक जमली. ती मला एकेक प्रकरण इंग्रजीत सांगे, मी भाकरी थापे. मग एके दिवशी ती वर आली तीच घाबरी होऊन. तिची आई येत होती. लंडनमधल्या पुतण्याने तिकीट काढून दिलं होतं, व्हिसा आला होता, शनिवारी विमान.

"आनंदाची गोष्ट आहे की!"

"मॅडम, हाजियाने माझी सगळी पुस्तकं वाचली आहेत." हजला जाऊन आलेल्या बाईला तिकडे मानाने हाजिया म्हणतात. "आणि तिला वाटतं, मी सलीमच्या घरात राहते."

मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. बिन्ताचा नवरा दूर पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात कामासाठी गेला तो तिकडेच रमला. तलाक झाला. आईला तिने सांगितलंच नाही; आईच्या लेखी जावई अजून तिकडे कामावर होता. कारण कानोत एक कापडाचा व्यापारी, आईच्या मैत्रिणीचा भाऊ, बिन्ताला कधीपासून मागणी घालायच्या तयारीत होता. तलाक कळला असता तर आईने पुढच्या विमानाने तिला परत नेलं असतं. बिन्ताला जायचं नव्हतं. खाली लहानशा खिडकीजवळ तिचं एक टेबल होतं. त्या टेबलाशी कोणी "पाणी आण" म्हणत नव्हतं. "लग्नानंतर असं टेबल मला पहिल्यांदाच मिळालंय," ती म्हणाली.

तिने आईला दाखवायला फक्त एका जेवणापुरता वरचा दिवाणखाना मागितला होता. उत्साहाच्या भरात मीच म्हटलं, "एका जेवणाने काय होतं? हाजिया आणि तू वर माझ्याच खोलीत राहा. मी खाली तुझ्या खोलीत झोपते."

संध्याकाळी संकेत ऐकून डोक्याला हात लावून बसला. "आत्या, आणि आम्ही कोण?"

"तुम्ही भाडेकरू," बिन्ता ओशाळून म्हणाली.

"माझ्या घरात मी टेनंट?"

प्राजक्ता मात्र हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. "संकेत, कर ना अ‍ॅडजस्ट. इट्स सो राँग, पण किती क्यूट आहे! आणि बिन्ता, मग पुढे काय? त्या जायच्या दिवसापर्यंत हेच?"

"पुढचं पुढच्या प्रकरणात," बिन्ता म्हणाली. क्रमशः लिहिणाऱ्यांची ही सवय.

हाजिया आल्या. बिन्ताएवढ्याच उंच, अंगावर पिवळाजर्द झगा, त्यावर संकेतचं जाडजूड विंटर जॅकेट, आणि नजर अशी की शाळा तपासायला आलेल्या साहेबांची आठवण व्हावी. मला पाहताच माझे दोन्ही हात धरले. "बहन!" म्हणाल्या. पुढे हिंदी संपली, पण हात सोडले नाहीत.

घरात शिरल्यावर त्यांनी सगळीकडे पाहिलं. जिना लाकडी होता. त्यावर बोटाने टकटक करून पाहिलं. कपाटावरच्या बुद्धमूर्तीपुढे क्षणभर थांबल्या आणि मग भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभ्या राहिल्या. निळा सूट, चष्मा, हातात पुस्तक. ती तसबीर कुणाची हे मराठी वाचकाला सांगायला नको.

"हे कोण?" हाजियांनी विचारलं.

बिन्ताची बोबडी वळली. "सासरे," ती म्हणून गेली.

संकेतला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थापटत राहिले. तसं पाहिलं तर आमच्या घराण्यात त्यांना बापच म्हणतात, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं. फक्त नातं जरा सरकलं होतं. हाजियांनी चष्मा पुसून पुन्हा निरखलं. "खूप शिकलेला माणूस दिसतो," त्या म्हणाल्या. हे मात्र शंभर टक्के खरं.

जेवायला हाजियांनीच तुवो (ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड) केली, आणि कुका (गोरखचिंचेच्या पाल्याची पूड) घालून बुळबुळीत हिरवं कालवण. मी सावजी मसाल्याचा रस्सा केला होता. त्यांनी तुवोचा गोळा माझ्या रश्शात बुडवला, मी भाकरीचा तुकडा त्यांच्या कालवणात. ज्वारी ज्वारीला ओळखते. त्यांनी पिशवीतून कुलीकुली काढली. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्याची ही तळलेली कडक कडी. दात शाबूत असतील त्यांनीच खावी. संकेत फटाफटा खात सुटला. "खाली राहणारा मुलगा उपाशी दिसतो," असं हाजिया बिन्ताला म्हणाल्या.

भाडेकरूंचे हाल पाहण्यासारखे होते. संकेत-प्राजक्ता झोपायला आपल्याच खोलीत जायचे, पण आधी "गुड नाइट" म्हणून बाजूच्या दाराने बाहेर पडायचे, थंडीत अंगणाला वळसा घालायचे आणि हाजिया नमाजाला बसल्या की पुढच्या दाराने बूट हातात घेऊन वर सटकायचे. प्राजक्ता मला कुजबुजली, "आत्या, लास्ट टाइम असं मी कॉलेज हॉस्टेलला केलं होतं."

एका सकाळी एप्रिलच्या तोंडावर बर्फ पडलंच. मी खिडकीशी होते, शेजारी हाजिया. खाली बिन्ता सवयीने फावडं घेऊन अंगणात गेली आणि ड्राइव्हवे शोव्हल करू लागली. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, एका लयीत. मी मनात म्हटलं, संपलं. पुस्तकात हे करायला नोकर होता. पण हाजिया कौतुकाने बघत राहिल्या. मला वाटलं, निभावलं.

नायगाऱ्याला जायचं हे ठरलेलंच होतं. रविवारी 'भाडेकरू मुलगा' गाडी चालवायला तयार झाला. वाटेत डाव्या हाताला ओंटारिओ सरोवर, राखाडी आणि समुद्राएवढं. पुढे द्राक्षांचे मळे. नुसत्या काळ्या काड्या तारांवर बांधलेल्या. वॉशरूमसाठी थांबलो तिथे हाजियांनी बाहेरच्या निष्पर्ण झाडांकडे बोट करून विचारलं, "यांची पानं कोणी तोडली?" मला शाळा सापडली. पानगळ, अक्षांश, सूर्यकिरणांचा कोन, मी सगळं हातवारे करून सांगितलं. बिन्ताने त्याचं हाउसात एका वाक्यात भाषांतर केलं. हाजियांना तेवढ्यात समजलं. मला वाईट वाटलं.

नायगारा आधी ऐकू येतो. मग समोर नुसता धूर दिसतो, आणि मग तो धूर पाण्याचा आहे हे तोंडावर येऊन पटतं. कठड्यावर बर्फाची साय जमली होती. मुलींच्या वह्यांत मी 'घोड्याच्या नालाच्या आकाराचा' या शब्दांखाली किती रेघा मारल्या असतील! तो नाल आता माझ्यासमोर घोंगावत होता. चष्म्यावर तुषार बसून तो पुरता आंधळा झाला, रुमाल काढायला गेले तर तो वाऱ्याने हिसकावून अमेरिकेच्या दिशेने नेला.

हाजियांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "एवढाच?"

बिन्ताने चमकून पाहिलं.

"पुस्तकातला मोठा होता," हाजिया म्हणाल्या. "आणि हा गप्प कधी होतो?"

संकेत खो खो हसला. हाजियांनी मग सलीम कुठे उभा होता ते विचारलं. बिन्ताने समोर दिसला तो खांब दाखवला. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा रुमाल नीट केला, फोटो काढून घेतला. आणि खांबावर हात ठेवूनच म्हणाल्या, "आणि तुझा नवरा? तो कुठे उभा राहायचा?"

इथे बिन्ताचं भाषांतर थांबलं. मायलेकी हाउसात बोलत राहिल्या. मला चष्म्यातून एक पिवळा ठिपका आणि एक जांभळा ठिपका दिसत होता. जांभळा खाली बसला. मग पिवळाही त्याच्याशेजारी बसला. मी आणि संकेत कॉफी आणायच्या निमित्ताने बाजूला झालो. कॉफी घेऊन आलो तेव्हा दोघींचे डोळे लाल होते, आणि हाजियांनी हाताने इशारा केला, की आता हिलाही सांग.

बिन्ता नाक ओढत सांगू लागली. हाजिया म्हणाल्या होत्या: "तुझ्या पहिल्या पुस्तकात सलीम रोज जेवायला घरी यायचा. दुसऱ्यात तो फोन करायचा. तिसऱ्यात दुसऱ्या प्रकरणात जो विमानात बसला तो उतरलाच नाही. आणि आता नायिका स्वतः बर्फ उपसते आहे. फावडं कसं धरायचं, मीठ कधी टाकायचं, कंबर कुठे दुखते, पानंच्या पानं! माझ्या गावात बर्फ पडत नाही. मला काय करायचंय त्या बर्फाचं? पण मी प्रत्येक ओळ वाचली. फोनवर तू 'सगळं छान' म्हणतेस. तुझी खबर मला तेवढीच मिळत होती."

मी हाजियांकडे पाहिलं. त्या शांतपणे कॉफीत साखर टाकत होत्या.

"आणि ते घर?" संकेतने घाबरत विचारलं.

बिन्ताने विचारलं. हाजियांनी उत्तर दिलं आणि बिन्ताला रडता रडता हसू फुटलं. "म्हणते, जी बाई आपल्याच स्वयंपाकघरात चमचा शोधत तिन्ही कप्पे उघडते, तिचं ते घर नाही. आणि खाली राहणारा मुलगा दिवा न लावता अंधारात जिना चढतो, तेव्हा घर त्याचं आहे."

संकेतने मान खाली घातली. मग हाजियांनी त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "ना गोडे." (आभारी आहे.)

आम्ही परत निघालो. मला व्यापाऱ्याची काळजी लागली होती. शेवटी मीच न राहवून विचारलं, "बिन्ता, त्या तुला घेऊन जाणार?"

बिन्ताने मागे वळून आईला विचारलं. हाजिया खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आधी मला हिची खोली बघायची आहे."

घरी आल्याबरोबर त्या बूट न काढता खाली गेल्या. मी मागोमाग. बेसमेंटचं छत इतकं खाली की त्यांचा रुमाल दिव्याला लागला. त्यांनी पलंग दाबून पाहिला, भिंतीला हात लावून ओल आहे का पाहिलं, शेगडी पेटवून बघितली. मग खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्चीवर बसल्या. खिडकीतून अंगणातल्या बर्फाची कड आणि जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते. एक लाल बूट गेला, मग कुत्र्याचे चार पाय.

"इथे लिहितेस?"

"इथेच."

"कोणी मध्ये हाक मारत नाही?"

"नाही."

हाजियांनी आणखी दोन बूट जाऊ दिले. मग उठल्या आणि व्यापाऱ्याचा निकाल लावला. "त्याला मी सांगेन, माझ्या मुलीला काम आहे." दाराशी पोचल्यावर वळून म्हणाल्या, "पण त्या सलीमचं काहीतरी कर. किती दिवस विमानात ठेवणार? दुसरा नायक आण. स्वयंपाक येणारा आण."

"हाजिया, वाचक माझा जीव घेतील!"

"मग मी वाचक नाही तर कोण आहे?" हाजिया म्हणाल्या.

उरलेले दिवस त्या खालीच राहिल्या. मी माझ्या खोलीत परतले आणि संकेत-प्राजक्ता पुन्हा आपल्या घराचे मालक झाले. संध्याकाळी सगळे वरच जेवायचे. तसबिरीतल्या गृहस्थांविषयी हाजियांनी मला नीट विचारून घेतलं. बिन्ताच्या मदतीने मी सांगितलं. शाळा, बाहेर बसवणं, पाणी, मग समुद्रापार जाऊन घेतलेलं शिक्षण. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "परदेशात जाऊन खरंच शिकून परत आला, असा नायक मी पहिल्यांदा ऐकला."

मी नागपुरात परतले ती ऐन मे महिन्यात. कूलरमध्ये पाणी भरतेय तोच शेजारणी जमल्या आणि कॅनडा कसा आहे म्हणाल्या. मी सांगायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की मी सरोवर जरा रुंद करते आहे, नायगारा जरा उंच. त्यांचे चेहरे असे काही फुलले होते की आखडतं घ्यावंसं वाटेना. दूरचा देश सांगताना मोजमाप कुठे पक्कं राहतं? ऐकणारीलाही ते नको असतं. तिला क्षणभर घरातून उठून कुठेतरी जायचं असतं, आणि तिचा हात धरणारी बाई हवी असते. हे मला भूगोलाच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

परवा हाजियांचा कानोहून व्हिडिओ कॉल आला. शेजारी त्यांची नात होती, इंग्रजी बोलणारी. बिन्ताची नवी कथा सुरू झाली आहे म्हणे. नायक डॉक्टर, विधुर, भाकरी उत्तम करतो. गाव नागपूर. तिथे पांढऱ्या वाळूचा किनारा आहे आणि रोज संध्याकाळी तो नायिकेला समुद्रावर घेऊन जातो. कानोतल्या बायका नागपूरसाठी वेड्या झाल्या आहेत.

"आजी विचारते," नात म्हणाली, "तुमचा समुद्र बघायला तिने कधी यावं?"

बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं. मी हाजियांच्या उत्सुक चेहऱ्याकडे पाहिलं.

"कधीही या म्हणावं," मी म्हणाले. "फक्त उन्हाळ्यात नको. उन्हाळ्यात आटतो."